नांव नसलेली तसबीर

भाद्रपद लागला कीं आमच्या घरीं भिंतीवरच्या तसबिरी खालीं उतरतात. पौर्णिमेच्या आंत त्यांची धूळ झाडावी, कांचा पुसाव्या, आणि पितृपक्षांत ज्याच्या त्याच्या तिथीला हार घालून त्या पुन्हां जाग्यावर लावाव्या, असा क्रम माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. यंदा हें काम करतांना माझी अकरा वर्षांची नात मदतीला बसली होती. तिनें दोन जुन्या तसबिरी शेजारी शेजारी मांडल्या, आळीपाळीनें दोन्हींकडे पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, यांतले तुमचे पणजोबा कोणते?"

छत्तीस वर्षें मीं वर्गांत मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. कां देतां आलें नाहीं, तें या लेखाच्या शेवटीं सांगणार आहें, कारण त्यांत दोष सर्वस्वीं माझा आहे. मी गप्प बसलेला पाहून पोरीनें दुसरा प्रश्न टाकला. "मग शिवाजीमहाराजांचें चित्र खरें कोणतें, हें कसें कळलें? ते तर यांच्याहूनहि कितीतरी जुने!"

वाचकहो, प्रश्न लहान मुलाचा असला म्हणजे तो सोपा असतो असें नाहीं. शिवछत्रपति चैत्री पौर्णिमेस, ३ एप्रिल १६८० रोजीं, रायगडावर निवर्तले. छायाचित्राची कला जन्मास येण्यास त्यानंतर दीडशें वर्षें लागलीं. आणि ज्या जुन्या चित्रांवरून त्यांची मुद्रा आपण आज ओळखतों, तीं चित्रें ना रायगडीं सांपडलीं ना साताऱ्यास. तीं सांपडलीं ॲमस्टरडॅमला, लंडनला, पॅरिसला. आपल्या राजाचा चेहरा परक्या लोकांच्या पेटाऱ्यांत कसा जाऊन राहिला, तेथें तो टिकला कसा, आणि तो त्याचाच म्हणून ओळखतां आला कसा, याचा विचार या महिन्यांत करूं. नातीच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तरहि त्याच वाटेवर आहे.

सतराव्या शतकांत ज्या युरोपीय व्यापाऱ्यांचा आपल्या किनाऱ्याशीं निकट संबंध आला, त्यांत डच, म्हणजे आपल्या बखरींतले वलंदेज, प्रमुख होत. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्यें स्थापन झाली. कोंकणांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती व तिचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. सुरतेस त्यांची वखार होती, आणि पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणासहि होती. या लोकांना मसाला, कापड आणि नीळ यांचा लोभ होता हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यांना आणखीहि एक वेड होतें, तें माणसांच्या चेहऱ्यांचें. राजे आणि सेनापति यांच्या तसबिरी तर सर्वच देशांत काढल्या जात; त्या देशांत मात्र कापडाचा व्यापारी, धर्मोपदेशक, वैद्य, पुस्तकविक्या, असे साधे गृहस्थहि आपली तसबीर काढवून घेत. तेलरंगांतलें चित्र एकाच घरांत राहतें. तें दहा मित्रांच्या घरीं जावें अशी इच्छा असेल तर तांब्याच्या पत्र्याकडे वळावें लागे.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात. त्या थरावर चित्रकार सुईनें रेघा ओढतो. जेथें सुई फिरते तेथें मेण निघून तांबें उघडें पडतें. मग पत्र्यास तेजाब दाखवितात. तेजाब मेणाला कांहीं करीत नाहीं, उघड्या तांब्याला मात्र खातो, आणि सुईची रेघ पत्र्यांत खोल उतरते. मेण पुसून टाकावें, खांचांत शाई भरावी, वरची शाई पुसून काढावी, ओलसर कागद पसरावा, आणि तो पत्रा दोन जड लाटांमधून दाबून काढावा. खांचेंतली शाई कागद ओढून घेतो. यालाच चित्रकार एचिंग म्हणतात. पत्र्यावर उजवीकडे पाहणारा मनुष्य कागदावर डावीकडे पाहूं लागतो, हें अर्थातच आलें. प्रत्येक छापाबरोबर पत्रा थोडथोडा झिजतो. पहिल्या छापांत रेघ टवटवीत असते. शेंदोनशें छाप निघाल्यावर ती फिकट होऊं लागते. म्हणून एकाच पत्र्याचे दोन छाप सहसा अगदीं सारखे नसतात, आणि जाणते लोक प्रत्येक छाप निरनिराळा पारखून घेतात.

येथें एक विचार मनांत येतो. तांब्यावर कोरण्याची विद्या आपल्याला का ठाऊक नव्हती? राजानें भूमिदान केल्यास तें पटावर किंवा ताम्रपट्टावर लिहून द्यावें, असें याज्ञवल्क्यस्मृतीनें सांगून ठेविलें आहे. आमच्या या भागाशीं ज्या राष्ट्रकूटांचा संबंध, ज्यांनीं लट्टलूरचे, म्हणजे बहुधा आजच्या लातूरचे, स्वामी हें बिरुद मिरविलें, त्यांचे ताम्रपट आज इतिहासाचा कणा होऊन बसले आहेत. अक्षर कोरण्यांत आमचे कारागीर कोणाला हार जाणारे नव्हते. पण त्या कोरलेल्या अक्षरांत शाई भरून तें कागदावर उतरवावें, ही एवढीशी गोष्ट हजार-पंधराशें वर्षांत आम्ही केली नाहीं. आमचा ताम्रपट एकुलता एक राहिला. तो हरवला कीं दानहि गेलें, आणि दात्याचें नांवहि गेलें. नाना फडणीसांच्या मनांत अखेरच्या काळांत गीता तांब्याच्या ठशांवर छापावी असें आलें होतें, व पुण्याच्या एका तांबटानें कोरण्यास आरंभहि केला होता. नाना १८०० मध्यें वारले. तें काम १८०५ मध्यें मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानें तडीस गेलें. विद्या घरांतली होती. 'प्रती काढाव्या' ही बुद्धि उशिरां सुचली.

आतां डच पत्र्याचें एक उदाहरण पाहूं. रेम्ब्रांट हा त्या देशाचा सर्वांत मोठा चित्रकार. त्यानें सुमारें तीनशें एचिंगें केलीं. त्यांत १६५१ सालचें एक आहे. उंची आठ इंच, रुंदी त्याहून थोडी कमी, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाएवढें. एक मनुष्य टोपी घालून, अंगरखा न काढतां, खुर्चीवर टेकून बसला आहे. पाहुणा घटकाभर टेकावा आणि लगेच उठून जावा, तसा. चित्रकारानें हा पत्रा एकदां कोरून सोडून दिला नाहीं. थोडे छाप काढावे, मग पत्र्यावर पुन्हां रेघा वाढवाव्या, पुन्हां छाप काढावे, असें करून त्याच्या सहा अवस्था झाल्या. पहिल्या अवस्थेंतला चेहरा तरुण व मोकळा वाटतो. पुढच्या अवस्थांत छाया दाट होत जाते, मनुष्य विचारांत पडलेला दिसूं लागतो, आणि त्याच्या डोक्यावर एक कमानहि येते. निरनिराळ्या अवस्थांचे हे छाप आज ॲमस्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत जपून ठेविले आहेत.

हा मनुष्य कोण? त्याचें नांव क्लेमेंट द योंग असें सांगतात. तो ॲमस्टरडॅमचा चित्रांचा व छापांचा व्यापारी होता. गंमत अशी कीं चित्रावर कोठेंहि त्याचें नांव नाहीं. १६७९ मध्यें त्याच्या दुकानांतल्या मालाची मोजदाद झाली. त्या यादींत रेम्ब्रांटचे सत्तरांहून अधिक पत्रे होते, आणि त्यांतल्या एकापुढें कारकुनानें 'क्लेमेंट द योंग' असें लिहिलें होतें. या एका नोंदीवर ती ओळख उभी आहे. कारकुनानें त्या दिवशीं आळस केला असता, तर जगप्रसिद्ध चित्रकाराच्या हातचा तो मनुष्य 'टोपी घातलेला कोणी गृहस्थ' एवढाच उरला असता. हें मनांत ठेवावें. पुढें उपयोगी पडेल.

याच रेम्ब्रांटचा आपल्या देशाशीं एक धागा जुळतो. डच गलबतांतून मसाल्याबरोबर आपल्याकडचीं लहान लहान रंगीत चित्रेंहि तिकडे जात. बादशहा, शाहजादे, दरवेशी, स्वार यांचीं तीं चित्रें त्याच्या हातीं पडलीं, आणि १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्यानें त्यांतल्या वीस-पंचविसांच्या नकला स्वतः काढल्या. शहाजहान त्यानें एकापेक्षां अधिक वेळां काढला. या नकलांसाठीं त्यानें पूर्वेकडून आलेला कागदच वापरला. आपले कित्येक उत्तम छापहि तो जपानहून कंपनीच्या गलबतांनीं आणलेल्या कागदावर काढीत असे. स्वतः त्या वेळीं तो कर्जांत बुडाला होता. १६५६ मध्यें त्याचें दिवाळें निघालें व पुढें घरदार विकलें गेलें. तशा स्थितींत हा म्हातारा होत चाललेला परदेशी चित्रकार शहाजहानची नाकाची रेघ नीट उतरते कीं नाहीं याची काळजी करीत बसला होता! त्यानें नकललेल्या जातीचीं कांहीं मूळ चित्रें आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या भिंतींत जडविलेलीं आहेत.

उत्तरेकडच्या बादशाही चित्रांची गोष्ट ही. आतां दक्षिणेकडे येऊं, कारण शिवरायांचें चित्र तेथलें आहे. १६७७ च्या आरंभीं महाराज कर्नाटकाच्या स्वारीस निघाले तेव्हां प्रथम भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, आले. तेथें अबुल हसन कुतुबशहाची व त्यांची भेट झाली. मादण्णा आणि आकण्णा हे दोघे ब्राह्मण बंधु त्या वेळीं दरबारांत प्रबळ होते. महिनाभर महाराजांचा मुक्काम त्या शहरांत होता. आम्ही उमरीकर मंडळी नांदेडहून निजामाबादेकडे जाणाऱ्या आगगाडीनें हैदराबादेस जातों येतों. १९५६ पर्यंत तेंच आमच्या राज्याचें राजधानीचें शहर होतें. त्या वाटेनें जातांना मला नेहमीं वाटतें, कीं ज्या गांवीं आमचे वडीलधारे कोर्टकचेरीच्या कामाला खेटे घालीत, त्याच गांवच्या रस्त्यांतून महाराज गेले, तेव्हां दुकानांच्या फळ्यांवर बसून किती लोकांनीं त्यांना डोळे भरून पाहिलें असेल!

गोवळकोंड्यास चित्रकारांचे कारखाने होते. तेथें एक चमत्कारिक माल तयार होई. दिल्लीचे बादशहा, विजापूरचे व गोवळकोंड्याचे सुलतान, त्यांचे वजीर आणि दक्षिणेंतले नामांकित पुरुष, अशा सर्वांच्या तसबिरींची मालिका करून ती युरोपीय व्यापाऱ्यांस विकीत. प्रत्येक पुरुषाला समोर बसवून चित्र काढलें जाई असें नव्हे. कारखान्यांत त्या त्या पुरुषाचा चरबा असे. हरणाच्या पातळ कातड्यावर बाह्यरेषा काढून तिच्यावर सुईनें बारीक छिद्रें पाडावयाचीं, आणि खालीं कागद ठेवून वरून कोळशाची पूड झाडावयाची. रेषेचे ठिपके खालीं उतरत. मग रंग भरावयाचे. म्हणजे डचांचा तांब्याचा पत्रा जें काम करी, तेंच काम कांहीं अंशीं आमचा हा चरबा करी. एका चरब्यावरून अनेक चित्रें निघत, आणि प्रत्येक चित्र दुसऱ्याहून थोडें निराळें असे.

अशा मालिकांपैकीं एक ॲमस्टरडॅमच्या निकोलास विटसन या नगराध्यक्षाकडे होती. ती आज तेथल्या राइक्स संग्रहालयांत आहे. तींत एकोणपन्नास तसबिरी आहेत, आणि ती १६८६ च्या सुमाराची, म्हणजे औरंगजेबानें १६८७ मध्यें गोवळकोंडा घेण्याच्या थोडीच आधींची आहे. या एकोणपन्नासांत शिवाजी महाराज आहेत. त्याच सुमाराचें त्यांचें दुसरें चित्र लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहे, आणखी एक पॅरिसच्या गीमे संग्रहालयांत. पॅरिसच्याच राष्ट्रीय ग्रंथालयांत मनुची या इटालियन प्रवाशानें मीर महंमद नांवाच्या चित्रकाराकडून करविलेल्या चित्रांचा संग्रह आहे, त्यांत महाराज घोड्यावर स्वार असून भोंवतीं शिपाई चालले आहेत. हीं चित्रें निरनिराळ्या हातांनीं काढलेलीं, निरनिराळ्या वाटांनीं गेलेलीं. तरीहि तें टोकदार नाक, ती निमुळती दाढी, तुरा खोंवलेला तो मंदील, हीं चिन्हें ओळखूं येतात. एकच साक्षीदार असता तर शंका घेतां आली असती. साक्षी जमतात तेव्हां मन निश्चिंत होतें.

पुढें डच लोकांनीं आपल्या रीतीप्रमाणें या चेहऱ्याला तांब्यावर उतरविलें. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन नांवाच्या डच धर्मोपदेशकानें पूर्वेकडील देशांचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १७२४ ते १७२६ या काळांत डॉर्ड्रेक्ट व ॲमस्टरडॅम येथून पांच भागांत निघाला. त्यांत महाराजांची कोरीव तसबीर आहे. ज्या घरीं तो ग्रंथ गेला, त्या घरीं महाराजांची मुद्रा गेली. एक रंगीत चित्र एका श्रीमंताच्या पेटाऱ्यांत. तांब्याचा छाप मात्र ग्रंथसंग्रह असलेल्या प्रत्येकाच्या फळीवर.

आणि येथेंच त्या कारकुनाच्या नोंदीची आठवण करावी. हे परदेशी लोक चित्र विकत घेतलें कीं त्याच्यावर किंवा त्याच्याखालीं नांव लिहून ठेवीत. उच्चार वेडेवांकडे, 'सिवागी' काय आणि 'सेवाजी' काय, अक्षर परकें. पण नांव लिहिलेलें. त्यांना महाराजांविषयीं भक्ति नव्हती. हा राजा आपल्या वखारीला उपद्रव देईल कीं कौल देईल, एवढाच त्यांचा हिशेब. सुरतेवर १६६४ मध्यें धाड आली तेव्हां ते भयानें वखारीचीं दारें लावून बसले होते, आणि १६७७ मध्यें कर्नाटकांत कौल मागण्यासाठीं हात जोडून उभे होते. त्या कौलांत माणसांना गुलाम म्हणून विकत घेण्याची त्यांची वहिवाट महाराजांनीं बंद केली, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों. भक्ति नसलेल्या व्यापाऱ्यानें नांव लिहिलें; भक्तीनें ओथंबलेल्या आम्हीं लिहिलें नाहीं. आम्हांला वाटलें, महाराजांना कोण ओळखणार नाहीं?

याचा परिणाम काय झाला तो पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभीं इब्राहीमखान नांवाच्या एका मुसलमान सरदाराचें चित्र शिवाजी महाराजांचें म्हणून आमच्याकडे चाललें होतें. लोक त्यालाच श्रद्धेनें हात जोडीत. शेवटीं इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं चिकाटीनें शोध करून, डच लोकांच्या संग्रहांतून आलेलें चित्र पुढें आणलें, आणि १९३३ च्या सुमारास पुण्यांत तें लोकांपुढें ठेवलें. तेव्हां कोठें चूक उमगली. सुरतेच्या इंग्रज वखारीचा पाद्री एस्कालियट यानें १६६४ च्या धाडीनंतर विलायतेस लिहिलेल्या पत्रांत महाराजांचें वर्णन केलें आहे: बेताची उंची, ताठ बांधा, तीक्ष्ण चपळ डोळे, आणि बोलतांना जणूं ओठांवर हसूं. शब्दांची साक्ष आणि रेषांची साक्ष अशी एकमेकींना मिळाली, म्हणजे इतिहासाला आधार येतो.

संस्कृत नाटकें शिकवितांना मला नेहमीं भासाच्या 'प्रतिमा' नाटकाचा तिसरा अंक आठवे. भरत आजोळाहून अयोध्येस परत येत आहे. पिता वारल्याची वार्ता त्याला अजून नाहीं. नगराबाहेर एक नवें देऊळ दिसतें म्हणून तो आंत शिरतो. तेथें चार प्रतिमा उभ्या आहेत. हे देव कीं मनुष्य, हेंच त्याला कळत नाहीं. तो नमस्कार करूं लागतो, तों पुजारी येऊन एकेक नांव सांगूं लागतो: हा दिलीप, हा रघु, हा अज. चौथी प्रतिमा प्रत्यक्ष पित्याची. पण पुत्राच्या तोंडून ओळखीचा शब्द निघत नाहीं. येथें जिवंत राजांच्याहि प्रतिमा ठेवतात काय, असें तो विचारतो. नाहीं, केवळ दिवंगतांच्याच, असें उत्तर मिळतें, आणि भरताला सर्व कांहीं कळून चुकतें. वर्गांत मी हा अंक करुणरसाचें उदाहरण म्हणून शिकवी. आतां या वयांत मला त्यांत दुसरी गोष्ट दिसते. बाप समोर उभा असून मुलाला नांव सांगणारा मनुष्य लागला. तो पुजारी नसता, तर भरत चारी प्रतिमांना सारखाच नमस्कार करून वाटेला लागला असता.

आतां माझ्या घरची गोष्ट. आमच्या वाड्यांत ज्या दोन तसबिरी आहेत, त्यांतली एक माझ्या पणजोबांची व दुसरी त्यांच्या थोरल्या बंधूंची. दोन्ही एकाच दिवशीं हैदराबादेस काढवून घेतलेल्या. दोघांची पगडी सारखी, अंगरखा सारखा, दोघांच्याहि कानांत भिकबाळी. माझ्या आजोबांनीं प्रत्येक तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोडींत दोन ओळी लिहून ठेविल्या होत्या. त्या मी लहानपणापासून पाहत आलों होतों, वाचल्या मात्र कधीं नाहींत. मला मोडी येत नव्हती. पाणिनीचीं सूत्रें घोकणाऱ्या या मास्तराला आपल्या आजोबांचें अक्षर वाचतां येत नव्हतें, आणि त्याची लाज वाटावी हेंहि कधीं सुचलें नव्हतें.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत भिंत ओलावली, चौकटींना वाळवी लागली. वडील तेव्हां हयात नव्हते. मीं दोन्ही तसबिरी नव्या चौकटींत बसविण्यास दिल्या. कारागिरानें विचारलें, "गुरुजी, मागचे पुठ्ठे पार कुजलेत. टाकूं का?" मी घाईंत होतों. मीं म्हटलें, "टाका." त्यानें विचारलें तरी होतें, मीं पाहिलें नाहीं. दोन्ही तसबिरी सारख्याच चौकटींत घालून घरीं आणल्या, आणि कोणती कोणत्या खिळ्यावर होती, तें घरांत कोणालाच नक्की सांगतां येईना. अंदाजानें लावल्या.

त्या दिवाळीला परभणीहून थोरली आत्या आली. डोळ्यांत मोतीबिंदु उतरलेला. भिंतीजवळ जाऊन तिनें पाहिलें आणि म्हणाली, "हे उजवीकडले आमचे आजोबा." दुसऱ्या दिवशीं सकाळीं उन्हांत पुन्हां पाहिलें आणि म्हणाली, "नव्हे रे, हे थोरले आजोबा दिसतात." थोड्या वेळानें म्हणाली, "अरे, पण मागें अण्णांनीं लिहून ठेवलंय ना? तें वाच कीं!"

मी कांहीं बोललों नाहीं. आत्या समजली असावी. तिनें तो विषय पुन्हां काढला नाहीं. त्या मुक्कामांत मात्र तिनें मला थोरल्या आजोबांविषयीं सांगितलें. त्यांना मूलबाळ नव्हतें. वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनींच वाढविलें, हैदराबादेस ठेवून शिकविलें, आणि आमचें सबंध घर त्या शिक्षणावर उभें राहिलें. मागें वंश नाहीं म्हणून त्यांची वेगळी तिथि आमच्याकडे कधीं चालली नाहीं. केवळ भिंतीवर जागा होती. आत्या आज नाहीं. सांगणारें माणूस गेलें.

इब्राहीमखानाच्या चित्राला हात जोडणाऱ्या लोकांस मी आतां हसत नाहीं. पणजोबांच्या तिथीला हार मी कोणाच्या गळ्यांत घालतों हें मला कळत नाहीं. म्हणून गेलीं वीस वर्षें दोघांनाहि घालतों. मनाचें समाधान एवढेंच, कीं चूक झाली असेल तर ज्यांना कधीं हार मिळाला नव्हता त्यांना तो मिळाला.

सूज्ञ वाचकांना माझी विनंति आहे, कीं माझ्या चुकीचा त्यांनीं लाभ घ्यावा. येत्या पितृपक्षांत घरांतल्या तसबिरी खालीं उतरवा, आणि घरांतलें सर्वांत वयस्क माणूस, आजी असो वा आत्या, काकू असो वा मावशी, त्यांना उजेडांत खुर्चीवर बसवा. एकेक तसबीर हातीं द्यावी आणि त्या सांगतील तें लिहून घ्यावें: नांव, नातें, गांव, अदमासें साल. छायाचित्राच्या मागें शाईनें लिहूं नये, ती उमटते. मऊ शिसपेन्सिलीनें कडेला, हात न दाबतां लिहावें. पुठ्ठ्यावर लिहून थांबूं नये. पुठ्ठा कुजतो, आणि माझ्यासारखा शहाणा तो टाकावयास सांगतो. जुनें मोडी अक्षर असेल तर वाचणारा शोधावा. असे लोक अजून आहेत, उद्यां असतीलच असें नाहीं. मग त्या तसबिरीच्या प्रती काढून थोरल्याकडे एक, धाकट्याकडे एक, माहेरवाशिणीकडे एक, अशा वाटून द्याव्या. आजच्या मुलांच्या हातांतल्या मोबाइलांत हजारों चित्रें असतात. त्यांनाहि हाच नियम. पन्नास वर्षांनीं तीं चित्रें उघडलींच, तर हे कोण, असें विचारणारीं मुलें असतील आणि सांगणारें कोणी नसेल. चित्र टिकतें तें प्रतींमुळें, आणि माणूस टिकतो तो नांवामुळें. डच व्यापाऱ्यांच्या हिशेबी बुद्धीपासून आपण एवढें घ्यावें, त्यांत कमीपणा नाहीं.

त्या दिवशीं नातीनें दोन्ही तसबिरी चौकटींतून काढल्या. तिच्या वडिलांनीं प्रत्येकीच्या तीन तीन प्रती काढून आणल्या. पेन्सिल तिच्याच हातांत दिली. अक्षर तिचें सुरेख आहे. मीं सांगत गेलों, तिनें लिहिलें: "हे दोघे सख्खे भाऊ. एक आमचे पूर्वज, दुसऱ्यांनीं त्यांना शिकविलें. कोण कोणते, हें आतां सांगतां येत नाहीं."

एवढें लिहून ती थांबली व म्हणाली, "आजोबा, कां सांगतां येत नाहीं, तें नको का लिहायला?"

मीं म्हटलें, "लिही. चूक आजोबांची. खालीं तुझें नांव घाल, आणि आजची तारीख."